कवळीची बखर

मराठी माणसाने दातांवर जितक्या म्हणी रचल्या तितक्या पैशावरही रचल्या नसतील. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. दात कोरून पोट भरत नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. शिवाय दात-ओठ खाणे, दात विचकणे, दाती तृण धरणे आणि ज्याचे दात त्याच्याच घशात घालणे, ही किरकोळ विक्री निराळीच. पण शाळेतले इतिहासाचे पुस्तक उघडावे तर त्यात दाताचा मागमूस नाही. कोणता राजा कोणत्या साली गादीवर बसला हे आम्ही घोकले. बसला तेव्हा त्याच्या तोंडात दात किती होते, हा प्रश्न परीक्षेला एकदाही आला नाही. वास्तविक गादीवर बसणे हा एका दिवसाचा समारंभ. जेवायला मात्र रोज दोनदा बसावे लागते.

आता इतिहास हा काही माझा प्रांत नव्हे. मी बी.कॉम. झालेला, बँकेत काउंटरमागे बसणारा कारकून. पण वीस-बावीस वर्षे व्हाउचरे चाळल्यावर एक गोष्ट पक्की कळते : माणूस चरित्रात खोटे लिहितो, भाषणात तर खोटे बोलतोच बोलतो, पण खर्चाच्या वहीत त्याला खरे लिहावे लागते. नाहीतर बेरीज जुळत नाही. कवळीचा इतिहास असाच वह्यांतून सापडतो. तेव्हा ही बखर एका कारकुनाने लिहायला हरकत नसावी.

सुरुवात इटलीपासून करू. तिथे एट्रुस्कन नावाचे लोक राहत. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमारास त्यांच्यातल्या सधन घरच्या बायका पडलेल्या दाताच्या जागी खोटा दात बसवून तो सोन्याच्या पट्टीने शेजारच्या खऱ्या दातांना बांधून घेत. हे झाले दाखवायचे दात. सोन्याचा दागिना तोंडात घालून कोणी ऊस सोलत नाही. खायच्या दातांचा विचार केला जपानने. तिथल्या वाकायामा भागातली एक बौद्ध भिक्षुणी १५३८ साली वारली. तिची कवळी अजून शिल्लक आहे, आणि ती चक्क लाकडाची आहे. एकाच तुकड्यातून कोरलेली, हिरडीला बरोब्बर बसणारी, टाळूला चिकटून राहणारी. मूर्ती कोरणाऱ्या कारागिरांची ही करामत. त्यांच्या हाताला जन्मभर देवाच्या तोंडाची सवय. माणसाचे तोंड त्यांना काय अवघड?

युरोप या बाबतीत बराच मागे होता. तिथे कवळी म्हणजे हाडाचा नाहीतर पाणघोड्याच्या सुळ्याचा तासलेला ठोकळा. वरचा ठोकळा खाली पडू नये म्हणून वरची आणि खालची कवळी मागच्या बाजूला स्प्रिंगने जोडत. स्प्रिंगचा स्वभाव उघडण्याचा. त्यामुळे तोंड उघडायला कष्ट नाहीत, मिटून ठेवायला मात्र दिवसभर जबड्याची ताकद खर्ची पडे. मालक जरा बेसावध झाला की तोंड आपोआप उघडले. आमच्या ओळखीची काही माणसे स्प्रिंगशिवायही अशीच आहेत, ते सोडा.

अशा कवळीचा सर्वांत नामांकित गिऱ्हाईक म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन. १७८९ साली ते अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा दात उरला होता फक्त एक. त्यांची कवळी लाकडाची होती अशी एक लोककथा आहे, ती खोटी. जॉन ग्रीनवूड या दंतवैद्याने पाणघोड्याच्या सुळ्यापासून ती कोरली होती, आणि त्या एकुलत्या एका दातासाठी तिला भोक ठेवले होते. १७९३ साली दुसऱ्यांदा शपथ घेताना वॉशिंग्टन यांनी जे भाषण केले ते अवघे १३५ शब्दांचे. कारण काहीही असो, पुढाऱ्यांच्या भाषणाची लांबी त्यांच्या दातांच्या व्यस्त प्रमाणात असावी, अशी घटनादुरुस्ती मी तरी आनंदाने मान्य करीन. गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ साली त्यांचे जे चित्र काढले तेच पुढे एका डॉलरच्या नोटेवर आले. नोट हातात आली तर जरूर बघा. ओठ घट्ट मिटलेले, तोंड थोडे फुगीर. जगातल्या सर्वांत बलवान चलनावर एक माणूस शेकडो कोटी नोटांतून आपली कवळी सांभाळत बसला आहे.

इथवर गंमत झाली. आता वही उघडू. वॉशिंग्टन यांच्या इस्टेटीच्या हिशेबात मे १७८४ ची एक नोंद आहे : नऊ दातांबद्दल निग्रोंना रोख दिले, ६ पौंड २ शिलिंग, खाते दंतवैद्याचे. म्हणजे गुलामांचे दात. नऊ दातांचे १२२ शिलिंग म्हणजे दाताला साडेतेरा शिलिंग पडले. हाच दंतवैद्य वर्तमानपत्रात जाहिरात देऊन समोरच्या एका दाताला दोन गिनी, म्हणजे ४२ शिलिंग, देऊ करत होता. गुलामाला बाजारभावाचा तिसरा हिस्सासुद्धा मिळाला नाही. नोंद अगदी चोख आहे : तारीख आहे, रक्कम आहे, कशाबद्दल तेही आहे. नाही ते फक्त विकणाऱ्यांचे नाव. रोज शेकडो व्हाउचरे पाहणाऱ्या मला ही नोंद वाचताना पहिल्यांदा असे वाटले की, बेरीज जुळली म्हणजे हिशेब जुळला असे नव्हे.

पुढची नोंद १८ जून १८१५ ची, वॉटर्लूची. नेपोलियन हरला आणि दंतवैद्य जिंकले. रणांगणावर हजारो तरुण मरून पडले होते आणि तरुणांचे दात शाबूत असतात. ते पकडीने उपटून, पिशव्यांत भरून इंग्लंडला गेले आणि तिथल्या प्रतिष्ठित म्हाताऱ्यांच्या कवळ्यांत बसले. ‘वॉटर्लूचे दात’ हे नावच पडले त्यांना. आमच्या बँकेत मयताच्या खात्यातले पाचशे रुपये काढायचे तर मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज आणि दोन जामीनदार लागतात. इथे बत्तीसच्या बत्तीस वर्ग झाले, एक कागद न लागता!

पण कवळी खरी सामान्य माणसाच्या तोंडात आली ती रबरामुळे. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक घालून रबर पक्के करण्याची रीत शोधली, तिचे पेटंट १८४४ चे. १८५१ साली त्यांचे भाऊ नेल्सन यांनी त्याचेच कडक रबर बनवण्याचे पेटंट घेतले. हे रबर हिरडीच्या साच्यावर हुबेहूब बसे. हस्तिदंतापेक्षा पुष्कळ स्वस्त! शिक्षकाला, दुकानदारालाही कवळी परवडू लागली. आता स्वस्त वस्तू दिसली की तिच्यावर चार्जेस लावणारा कोणीतरी निघतोच. रबरी कवळीचे हक्क घेऊन एक कंपनी उभी राहिली. तिने अमेरिकेतल्या दंतवैद्यांकडून परवान्याची फी आणि वर प्रत्येक कवळीमागे रक्कम वसूल करायला सुरुवात केली. वसुलीला गावोगाव हिंडत होते ते कंपनीचे खजिनदार, जोसाया बेकन. देईना त्याच्यावर दावा. सॅम्युएल चॅलफंट नावाचा एक दंतवैद्य या दाव्यांपायी गाव सोडून पळाला, पुन्हा पळाला, आणि शेवटी सान फ्रान्सिस्कोमध्ये १३ एप्रिल १८७९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, त्याने बेकन यांना त्यांच्याच हॉटेलच्या खोलीत गोळी घातली. दोन वर्षांनी पेटंट संपले. वसुली विभागात बदली झालेल्या प्रत्येक सहकाऱ्याला मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस रबर जाऊन अ‍ॅक्रिलिक आले. कवळी गुलाबी झाली, देखणी झाली, हलकी झाली. पण एक दुखणे एट्रुस्कनांपासून अ‍ॅक्रिलिकपर्यंत कोणाच्याच हाती लागले नाही. ते म्हणजे खालची कवळी.

वरची आणि खालची या सख्ख्या जावा, पण नशीब वेगळे. वरचीला बसायला अख्खा टाळू मिळतो. लाळेचा पातळ थर मध्ये आला की ती पाटाला ओला कागद चिकटावा तशी चिकटते. खालचीला काय मिळते? घोड्याच्या नालासारखी एक अरुंद वरंडी. मध्ये जीभ, तीही गप्प न बसणारी. दोन्ही बाजूंना गाल. म्हणजे भरल्या बसमध्ये दोघांच्या मध्ये अर्ध्या कुल्ल्यावर टेकलेला प्रवासी. त्यातून ती वरंडीही टिकत नाही. जबड्याचे हाड दातासाठी असते. दात गेले, वापर थांबला, की शरीर ते हाड हळूहळू काढून घेते. बँक निदान वापर नसलेले खाते नुसते ‘निष्क्रिय’ करते. जबडा मुद्दलच खातो. तालग्रेन या संशोधकांनी कवळी वापरणाऱ्यांचे जबडे पंचवीस वर्षे मोजून १९७२ साली निष्कर्ष छापला : खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट.

याचा जेवणावर काय परिणाम होतो, हे पाहायचे तर नोव्हेंबर महिन्यात कोणत्याही बँकेत यावे. निवृत्तिवेतनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात तो महिना. एक आजोबा असे आले की फोटोतला चेहरा आणि समोरचा चेहरा यांचा काही मेळ बसेना. मी एकदा फोटोकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहू लागलो. त्यांनी शांतपणे खिशातून रुमाल काढला, पाठ फिरवली आणि पुन्हा वळून म्हणाले, “आता बघा, साहेब.” हुबेहूब फोटो! “खालची फार टोचते हो,” ते म्हणाले, “सरकारी कामापुरतीच घालतो.” मग हळू आवाजात पुढे म्हणाले, “आणि जेवताना काढून ठेवतो.”

जेवताना काढून ठेवायचे दात! म्हणीतला हत्तीसुद्धा हे ऐकून लाजेल.

पण आजोबा खोटे सांगत नव्हते. पूर्ण कवळीवाल्याच्या चावण्याचा जोर नैसर्गिक दातवाल्याच्या एक चतुर्थांश, कधी त्याहूनही कमी असतो. जोर लावावा तर खालची उचलली जाते, खाली शेंगदाण्याचा कण शिरतो आणि हिरडीला खडा टोचावा तसा टोचतो. मग जीभच तिला दाबून धरण्याच्या पहारेकऱ्याच्या नोकरीला लागते. पण जिभेची मूळची नोकरी वेगळी आहे. घास दाढांखाली लोटायचा, लाळेत भिजवून त्याचा मऊ गोळा करायचा आणि गिळताना टाळूला टेकून तो मागे ढकलायचा. गिळणे आपल्याला फुकटचे वाटते, पण त्या क्षणी खालचा जबडा वरच्याला टेकून स्थिर व्हावा लागतो आणि श्वासाची वाट बंद व्हावी लागते. हे दिवसातून शेकडो वेळा घडते. ज्याची खालची कवळी डगमगते त्याची जीभ एकाच वेळी कॅशही सांभाळते आणि दारावर बंदूक घेऊनही उभी राहते. परिणाम असा की घास अर्धवट चावला जातो, मोठे तुकडेच पाण्याच्या घोटाबरोबर खाली जातात, क्वचित घशात अडकतातही. माणूस मग सावध होतो. आधी चकली सोडतो, मग काकडी, मग भाकरी, मग सफरचंद. उरतो तो मऊ भात.

हे मोजतात कसे, याचे मला कुतूहल होते. तर १९५० च्या सुमारास अमेरिकेत मॅनली आणि ब्रेली या संशोधकांनी लोकांना शेंगदाणे चावायला दिले, ठरावीक वेळा चावल्यावर गिळू न देता बाहेर काढायला लावले आणि तो कूट चाळणीतून चाळला. चाळणीतून खाली किती पडले यावर दाताचे मार्क! आमच्याकडे उपासाच्या दिवशी बायका हेच काम खलबत्त्यात करतात. त्यांना कोणी संशोधक म्हणत नाही.

या दुखण्यावरचा उपाय सापडला तो सशाच्या तंगडीत. १९५२ साली स्वीडनमध्ये लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनमार्क नावाचे तरुण संशोधक हाडातले रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी टायटॅनियम धातूची एक नळीवजा खिडकी त्यांनी सशाच्या हाडात बसवली. प्रयोग संपल्यावर ती महागाची वस्तू परत काढून पुन्हा वापरायचा काटकसरी विचार त्यांनी केला. निघेना! हाड आणि धातू एकजीव झाले होते. काटकसर करायला जावे आणि त्यातून शोध लागावा, असे आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकांबाबत अजून घडलेले नाही. ब्रोनमार्क यांनी ही न निघणारी वस्तू ‘डेड स्टॉक’ म्हणून लिहून न टाकता तिच्यावर तेरा वर्षे काम केले. १९६५ साली गोथेनबर्ग येथे गोस्टा लार्सन या चौतीस वर्षांच्या गृहस्थाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे चार खुंट बसवले. या माणसाच्या जबड्यात जन्मतःच व्यंग होते, खाली दात नव्हते. २००६ साली तो वारला तेव्हा, चाळीस वर्षांनंतरही, ते खुंट जागच्या जागी होते. दंतवैद्यकाच्या पंडितांनी मात्र बरीच वर्षे नाके मुरडली. १९८२ च्या टोरांटोच्या परिषदेनंतर त्यांनी ती सरळ केली.

कल्पना तशी जुनीच. होंडुरास देशात १९३१ साली सुमारे इ.स. ६०० मधला एक खालचा जबडा उकरून काढला, त्यात समोरच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे तीन तुकडे ठोकलेले होते. पुढे क्ष-किरणांनी पाहता दोहोंभोवती हाड धरलेले दिसले. म्हणजे खालच्या जबड्याशी भांडण माया लोकांच्या काळापासूनचे.

आता पूर्ण दात बसवायचे तर खुंट बरेच लागतात आणि खर्चही. मग मधला मार्ग निघाला. खालच्या जबड्यात पुढे, हनुवटीच्या बाजूला, हाड चांगले घट्ट असते. तिथे दोनच खुंट बसवायचे, ते हाडात मुरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचे आणि मग कवळी त्यांवर टिचबटणासारखी ‘टक्’ करून लावायची. रात्री काढायची, घासायची, सकाळी पुन्हा टक्. २००२ साली कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी जमून सांगितले की, ज्याचे खालचे सगळे दात गेले त्याच्यासाठी नुसती कवळी नव्हे, तर दोन खुंटांवरची कवळी हा पहिला उपाय मानावा. चावण्याचा जोर साध्या कवळीच्या मानाने जवळपास दुप्पट होतो. तेवढ्याच चावण्यात घास बारीक होतो आणि बारीक होऊनच गिळला जातो. जीभ पहाऱ्यातून सुटून मूळच्या जागी रुजू होते. मूळचे दात परत आले असे मात्र नव्हे. दाताच्या मुळाशी जी नाजूक जाणीव असते, तांदळातला खडा ओळखणारी, ती खुंटाला नाही. बटणे झिजतात, बदलावी लागतात. तंबाखू ओढणाऱ्यांना आणि साखर ताब्यात नसलेल्यांना धोका अधिक. आणि एक गंमत : जोर दुप्पट झाला तरी आहार आपोआप सुधारत नाही. वर्षानुवर्षे मऊ भातावर राहिलेला माणूस मऊ भातच मागतो. दात बसवता येतात, धीर आपला आपणच बसवावा लागतो.

हे सगळे मी वाचले ते आमच्या मामांमुळे. मामा चौऱ्याहत्तरचे, अठरा वर्षे कवळीवाले. भाकरी, ठेचा आणि वर मूठभर शेंगदाणे यांच्यासाठी एके काळी राज्य सोडले असते. अलीकडे पंगत बसली की “तुम्ही घ्या रे, माझं पोट जरा बरं नाही” असे म्हणून उठत आणि मागाहून स्वयंपाकघरात एकटे बसून कालवलेला भात जेवत. डॉक्टरांनी दोन खुंटांचा आकडा सांगितला तेव्हा घरात बैठक भरली. मामेभाऊ हळूच म्हणाला, “खर्चाचं नाही रे, पण या वयात ऑपरेशन...?” मामा म्हणाले, “नकोच. आता किती दिवस काढायचेत?” मी बँकेचा माणूस म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कागद घेऊन खर्च भागिले वर्षे भागिले जेवणे असे मांडू लागलो. घासागणिक पडता भाव काढणार इतक्यात मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“अठरा वर्षं मी यांच्यासाठी भाकरी दुधात कुस्करतेय,” त्या म्हणाल्या. “आणि चार वर्षं हे माझ्यासमोरसुद्धा जेवत नाहीत. त्याचा रकाना आहे का रे तुझ्या कागदात?”

नव्हता. कागद घडी करून खिशात गेला आणि ठराव एकमताने संमत झाला.

ऑपरेशन होऊन आता वर्ष होत आले. पहिले दोन महिने मामा सवयीने भातच मागत. मामींनी भातच लावायचा बंद केला. नंतरच्या दिवाळीत त्यांनी पंगतीत बसून चकली खाल्ली. खाताना एक शब्द बोलले नाहीत. ‘कुडुम्’ असा आवाज आला तेव्हा पंगतीतली सगळी माणसे चावायची थांबली होती. पाणघोड्याचे सुळे, मेलेले शिपाई, सशाची तंगडी आणि नाव नसलेल्या नऊ दातांचे धनी, इतक्यांच्या खर्चाने तो आवाज आमच्या घरात आला होता. मामांनी दुसरी चकली उचलली आणि मामी म्हणाल्या, “पुरे. बाकीच्यांनाही दात आहेत.”